संगणकाच्या दफ्तरातील फायली : पायथन भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीचा एक अभ्यास



अलीकडे आपल्या वस्तीतील बरीच मुले-मुली पायथन ही संगणकाची भाषा शिकू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. त्यांच्या वह्या चाळताना मात्र एक गोष्ट आम्हाला प्रकर्षाने जाणवते. सम-विषम संख्या, पाढे छापणे, याद्यांची उलटापालट यांवर पानेच्या पाने भरलेली असतात. आणि फाईल कशी उघडावी, तिच्यात कसे लिहावे, ती बंद कशी करावी हा विषय शेवटच्या दीड पानात उरकलेला असतो. वास्तविक कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने खरे काम तेथूनच सुरू होते. यंत्र बंद केल्यावर जे मागे उरते ते फायलीतच उरते. वर्गणीदारांची यादी असो, सभेचे इतिवृत्त असो किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची नावे असोत, ती उद्या सकाळी जशीच्या तशी सापडली पाहिजेत. ती सापडली नाहीत तर आदल्या दिवशीची सगळी हुशारी व्यर्थ होय.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण आमच्याजवळ नाही. परंतु बँकेत लिपिकाची नोकरी करीत असल्यामुळे वही, नोंद, पावती, कुलूप आणि किल्ली यांचा व्यवहार आमच्या अंगवळणी पडलेला आहे. पायथनच्या लायब्ररीतील फायलींची व्यवस्था अभ्यासताना आम्हाला पदोपदी तोच व्यवहार दिसला, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे.

प्रथम भाषेची थोडी ओळख. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी अ‍ॅमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या अखेरीस ही भाषा घडविण्यास सुरुवात केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. तिची तिसरी पिढी डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. भाषेबरोबरच जी तयार अवजारे विनामूल्य मिळतात तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. फायलींसाठी तिच्यात एकच दालन नाही. ओएस, ओएस डॉट पाथ, आयओ, एसएचयुटिल, टेम्पफाईल, ग्लोब आणि पाथलिब अशी निरनिराळ्या काळी बांधलेली दालने आहेत. जुन्या वाड्याला जसजशा खोल्या जोडत जातात तसे हे झाले आहे. त्यामुळे एकच काम तीन दारांनी करता येते आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो.

तिजोरीपर्यंत कोण जातो?

पायथनमध्ये ओपन असे लिहिले की फाईल उघडते, असे मुले पाठ करतात. पण उघडते कोण? पायथन स्वतः डिस्कला हात लावीत नाही. तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमचा, मग ती विंडोज असो वा लिनक्स. ग्राहक जसा थेट स्ट्राँग रूममध्ये शिरत नाही, खिडकीवर स्लिप देतो आणि टोकन घेऊन उभा राहतो, तसाच हा प्रकार आहे. पायथन विनंती करतो. सिस्टीम त्या फायलीचे नाव आणि विनंती करणाऱ्याचा अधिकार तपासते आणि एक क्रमांक हाती देते. लिनक्सवर ०, १ आणि २ हे क्रमांक आधीच वाटलेले असतात : कळफलकाकडून येणारे, पडद्यावर जाणारे आणि चुकांच्या सूचनांचे. म्हणून साध्या प्रोग्रामात पहिली फाईल बहुधा ३ क्रमांकाची असते. टोकनांची संख्या मर्यादित असते. लिनक्सवर एका प्रोग्रामला सर्वसाधारणपणे १,०२४ ची मर्यादा आढळते. फायली उघडत गेलो आणि बंद केल्याच नाहीत तर एके क्षणी टोकने संपतात आणि काम अडते.

ह्या क्रमांकावर पायथन तीन थर चढवितो, आणि आमच्या मते हे तीन थर समजले की अर्धा विषय समजला. सर्वांत खालचा थर कच्चा : जेवढे बाइट दिले तेवढे सिस्टीमकडे सोपविणारा. त्यावर बफरचा थर. हा म्हणजे कॅशियरचा गल्ला. प्रत्येक नोटेसाठी तिजोरी उघडायची नसते. गल्ल्यात काही रक्कम जमली की ती एकदम आत जाते. बरीच वर्षे हा गल्ला ८,१९२ बाइटांचा होता. आणि सर्वांत वरचा थर मजकुराचा. आपण लिहिलेल्या अक्षरांचे बाइट करणे आणि वाचलेल्या बाइटांची अक्षरे करणे हे त्याचे काम. फाईल बी हे अक्षर जोडून, म्हणजे बायनरी पद्धतीने, उघडली की हा वरचा थर निघून जातो. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, पीडीएफ यांसाठी तसेच उघडावे लागते. मजकुरासाठी तिन्ही थर लागतात आणि देवनागरीचे सारे सुखदुःख ह्या वरच्या थरात आहे.

एका अक्षराची किंमत

फाईल कशासाठी उघडायची हे ओपनला एका अक्षराने सांगावे लागते. आर म्हणजे केवळ वाचन. ए म्हणजे अखेरीस भर घालणे. डब्ल्यू म्हणजे लेखन. एक्स म्हणजे नवीन फाईल निर्माण करणे, आणि त्या नावाची फाईल आधीच असेल तर काम नाकारणे. ही सोय सप्टेंबर २०१२ च्या ३.३ आवृत्तीत आली.

यांतले डब्ल्यू हे अक्षर विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. त्याचा अर्थ 'लिहिण्यासाठी उघड' एवढाच नाही. 'आधी सगळे पुसून टाक आणि मग लिहिण्यासाठी उघड' असा आहे. पुसण्याचे काम पहिले अक्षर लिहिण्यापूर्वी, उघडण्याच्या क्षणीच उरकते. विचारणा होत नाही. बँकेच्या लेजरमध्ये चुकीची नोंदसुद्धा खोडून टाकता येत नाही, ती वाचता येईल अशी आडवी रेघ मारून सही करावी लागते. आणि येथे एका अक्षराने संपूर्ण वही कोरी होते!

आमच्या माहितीतील एका संस्थेत असाच प्रसंग घडला. परीक्षा शुल्काच्या मदतीसाठी अर्ज केलेल्या सुमारे दीडशे मुलांची यादी तेथील एका उत्साही तरुणाने संगणकावर ठेवली होती. गावनिहाय क्रम लावण्यासाठी त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामने जुनी यादी वाचली, क्रम लावला आणि त्याच नावाची फाईल डब्ल्यूने उघडून लेखनास प्रारंभ केला. पहिली ओळ इंग्रजी मथळ्याची होती, ती उतरली. दुसऱ्या ओळीत पहिल्या मुलीचे नाव देवनागरीत होते. तेथे प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबला. फाईल उघडून पाहतात तो आत मथळा तेवढा शिल्लक! यादीची दुसरी प्रत नव्हती. मूळ अर्ज तालुक्याच्या कार्यालयात गेलेले. मुदतीला थोडे दिवस उरलेले, आणि पुष्कळ मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर. कार्यकर्त्यांनी फोन करून, मोटारसायकलवर गावे फिरून बहुतेक नावे परत गोळा केली. बहुतेक म्हणतो, सर्व नव्हे. राहिलेल्या मुलांना त्या वर्षी शुल्क स्वतः भरावे लागले.

त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही. कारण त्याने जे लिहिले ते अनेक शिकवणी-पुस्तकांत जसे छापलेले असते तसेच होते. प्रश्न असा की त्रुटी आली का, आणि आल्यावर यादी का वाचली नाही? ही दोन निराळी कोडी आहेत.

देवनागरी आणि बाइट

पहिले कोडे अक्षरांचे. 'सावित्री' हे नाव घ्या. डोळ्यांना ते तीन अक्षरांचे दिसते : सा, वि, त्री. पायथनला त्याची लांबी विचारली तर तो आठ सांगतो, कारण स, काना, व, पहिली वेलांटी, त, हलन्त चिन्ह, र आणि दुसरी वेलांटी अशी युनिकोडची आठ चिन्हे त्यात आहेत. आणि यूटीएफ-८ या पद्धतीने ते डिस्कवर उतरले की चोवीस बाइट होतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तीन, आठ आणि चोवीस. एकाच नावाची ही तीन मापे आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

आता चिन्हांचे बाइट कोणत्या पद्धतीने करायचे हे ओपनला सांगता येते. न सांगितल्यास पायथनने आजवर त्या यंत्राची जी नेहमीची पद्धत असेल ती गृहीत धरली आहे. लिनक्स आणि मॅकवर ती साधारणपणे यूटीएफ-८ असते. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर मात्र १२५२ क्रमांकाची जुनी पद्धत असते. तिच्यात पश्चिम युरोपातील अक्षरे आहेत, देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे इंग्रजी मथळा निर्वेध लिहिला जातो आणि पहिल्या मराठी नावाला अडतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा दोष आयुष्यभर दिसणार नाही. मराठीत काम करणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी दिसतो. पायथनच्या धुरिणांनाही हे उशिरा का होईना उमगले, आणि ६८६ क्रमांकाच्या सुधारणा प्रस्तावाने ३.१५ आवृत्तीपासून सर्वत्र यूटीएफ-८ गृहीत धरण्याचे ठरविले. तथापि कार्यालयांतून आणि शाळांतून जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालत राहतात. म्हणून ओपन लिहिताना एनकोडिंग यूटीएफ-८ असे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावे, हा आमचा आग्रह आहे.

ओघाने आणखी एक. पायथनने सीएसव्ही यादी यूटीएफ-८ मध्ये अचूक लिहावी आणि ती एक्सेलमध्ये दुहेरी टिचकीने उघडताच नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसावीत, हा अनुभव अनेकांना आला असेल. फाईल बिघडलेली नसते. ती कोणत्या पद्धतीची आहे ही खूण एक्सेलला आरंभीच हवी असते. यूटीएफ-८-सिग अशी पद्धत सांगितली की पायथन ती खूण घालून देतो. सीएसव्हीसाठी उघडताना न्यूलाईन या जागी रिकामी अवतरणे द्यावीत, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक कोरी ओळ येते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले दस्तऐवज हा मात्र वेगळा विषय आहे. तेथे देवनागरी केवळ दिसण्यापुरती असते, आत निराळेच संकेत असतात, आणि ते बदलून घेण्यास वेगळा परिवर्तक लागतो.

गल्ला, ट्रे आणि तिजोरी

दुसरे कोडे, यादी का वाचली नाही? येथे पुष्कळ विद्यार्थी सांगतील की विथ हा शब्द वापरला असता तर वाचली असती. तसे नाही. विथ ही सोय सप्टेंबर २००६ च्या २.५ आवृत्तीत आली आणि ती उत्तम आहे. तिच्या कक्षेत उघडलेली फाईल मध्येच त्रुटी आली तरी व्यवस्थित बंद होते, गल्ल्यातील शिल्लक आत जाते, टोकन परत केले जाते. परंतु पुसलेले ती परत आणीत नाही. उलट वरील प्रसंगात फाईल नीट बंद झाली म्हणूनच तो मथळा तेवढा डिस्कवर पोहोचला.

लिहिलेला मजकूर कोणकोणत्या मुक्कामांवरून जातो ते पाहू. राईट म्हटले की तो पायथनच्या गल्ल्यात पडतो. फ्लश म्हटले, किंवा फाईल बंद झाली, की तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात जातो. येथे बहुतेकांना वाटते की काम झाले. पण सिस्टीमचाही स्वतःचा ट्रे असतो. तीही मजकूर काही काळ स्मृतीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरविते. त्या दरम्यान वीज गेली तर ट्रेमधील कागद गेले. 'आत्ताच्या आत्ता डिस्कवर टाक' असे सांगण्यासाठी ओएस डॉट एफसिंक आहे. आधी फ्लश, मग एफसिंक. क्रम उलटा केला तर गल्ल्यातील रक्कम गल्ल्यातच राहते आणि तिजोरीची मात्र मोजदाद होते. एफसिंकला वेळ लागतो, म्हणून ते प्रत्येक ओळीनंतर करण्याचे कारण नाही. जेथे वीज दिवसातून दोनदा जाते आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच संपलेली असते तेथे मात्र महत्त्वाची वही बंद करताना ते जरूर करावे.

आता अस्तित्वात असलेली फाईल सुरक्षितपणे बदलण्याची रीत सांगतो. जुन्या वहीला हात लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने नवी फाईल उघडायची, तिच्यात सर्व मजकूर लिहायचा, फ्लश आणि एफसिंक करायचे, बंद करायची. येथवर काहीही बिघडले तरी जुनी यादी अबाधित असते. शेवटी ओएस डॉट रिप्लेस या एका आज्ञेने नव्या फायलीला जुनीचे नाव द्यायचे. लिनक्स आणि तत्सम प्रणालींवर हे नामांतर अखंड असते : कोणालाही एक तर पूर्ण जुनी यादी दिसेल किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीही नाही. ३.३ आवृत्तीपूर्वी ओएस डॉट रिनेम एवढेच होते, आणि त्याचे वागणे दोन घरचे होते. लिनक्सवर ते जुनी फाईल निमूटपणे बदली, विंडोजवर त्या नावाची फाईल असल्यास नकार देई. रिप्लेसने ही तफावत मिटविली. तरीही विंडोजवर ती यादी कोणी एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर परवानगी नाही असे उत्तर येऊ शकते.

'त्याच फोल्डरमध्ये' हे शब्द आम्ही हेतुपुरस्सर लिहिले. नवी फाईल पेन ड्राइव्हवर आणि जुनी यंत्राच्या डिस्कवर असेल तर ते नामांतर राहत नाही, ती नक्कल होते, आणि रिप्लेस ते करण्यास नकार देते. एसएचयुटिलमधील मूव्ह नक्कल करून मूळ काढून टाकते, पण मग ते अखंड राहत नाही. टेम्पफाईलच्या साह्याने तात्पुरती फाईल केली तर आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. लिनक्सवर ती केवळ मालकालाच वाचता येईल अशा अधिकाराने जन्मते. तिलाच यादीचे नाव दिले की दुसऱ्या दिवशी कार्यालयातील इतरांना यादी उघडत नाही, आणि कोणी काय केले याचा वाद सुरू होतो!

एवढ्या गरजेच्या कामासाठी स्टँडर्ड लायब्ररीत एकच तयार आज्ञा असायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती नाही. उलट पाथलिबमध्ये राईट-टेक्स्ट ही दिसायला सुटसुटीत आज्ञा आहे. ती एका ओळीत फाईल उघडते, लिहिते, बंद करते. पण आतून तिचे वागणे डब्ल्यूचेच, म्हणजे आधी पुसणारे आहे. सोयीचे दार आणि सुरक्षित दार एक नाहीत, हे शिक्षकांनी सांगितले पाहिजे.

पत्ता लिहिण्याची रीत

फायलीचा पत्ता, ज्याला पाथ म्हणतात, तो जुन्या पद्धतीत साधा मजकूर असे. विंडोजवर फोल्डरांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ येते, आणि पायथनच्या मजकुरात हीच रेघ विशेष अर्थाची आहे. तिच्यापुढे इंग्रजी एन आला की दोघे मिळून नवी ओळ होते, टी आला की टॅबची मोकळी जागा होते. म्हणजे फोल्डरचे नाव इंग्रजीत 'न्यू' असेल तर पत्ताच मधोमध तुटतो. लिनक्सवर रेघ सुलटी. ओएस डॉट पाथ मधील जॉईन या आज्ञेने योग्य ती रेघ घालून मिळते, पण पत्ता शेवटी मजकूरच राहतो.

आन्त्वान पित्रू यांच्या ४२८ क्रमांकाच्या प्रस्तावातून पाथलिब आले आणि २०१४ सालच्या ३.४ आवृत्तीत ते लायब्ररीत दाखल झाले. त्यात पत्ता ही स्वतंत्र वस्तू आहे. तिला तिचे नाव, शेपूट म्हणजे एक्स्टेन्शन, आणि वरचे फोल्डर विचारता येते. भागाकाराच्या चिन्हाने पुढचा भाग जोडता येतो. प्रारंभी जुनी दालने ह्या नव्या वस्तूला ओळखत नसत. डिसेंबर २०१६ च्या ३.६ पासून ती ओळखू लागली. नव्याने शिकणाऱ्यांनी पाथलिबपासूनच सुरुवात करावी.

मात्र दोन्ही पद्धतींत एक खाच समान आहे. पुढे जोडलेला भाग स्वतःच मुळापासूनचा, म्हणजे रेघेने सुरू होणारा पूर्ण पत्ता असेल, तर आधीचा सगळा भाग गळून जातो. आपण 'अर्ज' या फोल्डरमध्ये फाईल ठेवतो आहोत असे समजावे आणि ती यंत्रात भलतीकडेच लिहिली जावी. नाव जर बाहेरच्या माणसाने दिलेले असेल तर हे धोक्याचे. 'दोन टिंबे' म्हणजे वरचे फोल्डर, ही खूण वापरूनही असेच बाहेर पडता येते. लायब्ररीतील टारफाईल हे दालन गठ्ठा सोडताना आतील पत्त्यांवर विश्वास ठेवीत असे. हा दोष २००७ मध्येच नोंदला गेला होता. गठ्ठ्यातील पत्ते गाळून घेण्याची चाळणी २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत आली, आणि न सांगता ती लागू होण्यास २०२५ ची ३.१४ आवृत्ती उजाडावी लागली. इतकी वर्षे का लागली, तर जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. हे उत्तर आम्हाला पूर्णपणे पटत नाही. पण चालू काउंटर बंद न करता नियम बदलणे किती कठीण असते हे आम्ही रोज पाहतो.

आधी विचारावे की करून पाहावे?

फाईल आहे का ते एक्झिस्ट्सने विचारायचे आणि असल्यास उघडायची, ही पद्धत सरळ वाटते. पण विचारणे आणि उघडणे यांच्यामध्ये, कितीही अल्प असो, वेळ जातो. त्या अवधीत दुसरा प्रोग्राम फाईल काढून टाकू शकतो किंवा निर्माण करू शकतो. दोन लिपिकांनी एकाच वेळी पावती पुस्तक पाहून '४१२ क्रमांक मोकळा आहे' असे म्हटले तर दोन पावत्या एकाच क्रमांकाच्या फाटतात. म्हणून पायथनमध्ये सरळ काम करून पाहण्याची आणि त्रुटी आल्यास ती हाताळण्याची रीत रूढ आहे. ३.३ पासून त्रुटींना स्वच्छ नावे मिळाली : फाईल सापडली नाही, फाईल आधीच आहे, परवानगी नाही. त्यापूर्वी एकाच सर्वसाधारण त्रुटीतून क्रमांक उकलून अर्थ लावावा लागे. पावतीसारख्या कामाला एक्स हे अक्षर नेमके उपयोगी, कारण तपासणी आणि निर्मिती तेथे सिस्टीमच एका दमात करते. टेम्पफाईलमधील एमकेटेम्प ही जुनी आज्ञा नुसते मोकळे नाव सांगे, फाईल करीत नसे. याच कारणास्तव ती कधीचीच त्याज्य ठरली आहे.

नष्ट करण्याबद्दल थोडक्यात. ओएस डॉट रिमूव्ह, पाथलिबमधील अनलिंक आणि संपूर्ण फोल्डर काढणारे आरएमट्री, यांपैकी कोणीही रीसायकल बिनमध्ये काही ठेवीत नाही. नक्कल करताना एसएचयुटिलमधील कॉपीपेक्षा कॉपी-टू बरी. ती फायलीची तारीखही सोबत नेते. दस्तऐवजाच्या बाबतीत तारखेला काय महत्त्व असते हे सांगणे नलगे.

मराठी नावांच्या फायली

शेवटी खास आपला विषय. फायलींना मराठी नावे द्यावीत का? अवश्य द्यावीत, आता अडचण उरलेली नाही. पण काही गोष्टी ठाऊक असाव्यात. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टीमवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट असते. इंग्रजीत ती २५५ अक्षरे होतात. देवनागरीत तीनाने भागून ८५ चिन्हे, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी अक्षरे. ठरावाचे संपूर्ण शीर्षक फायलीच्या नावात बसविण्याची ज्यांना हौस आहे त्यांना नाव फार लांब असल्याची त्रुटी यावरून उमगेल.

फोल्डरमधील नावांची यादी मागितली की लिस्टडिर ती कोणत्याही क्रमाने देऊ शकते. क्रम आपणच लावायचा असतो. आणि लावलेला क्रमही युनिकोडच्या क्रमांकानुसार असतो, आपल्या वर्णमालेनुसार नव्हे. तेथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्याकडे तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने अनुक्रमे क आणि ज यांच्या घरात जाऊन बसतात. मतदार यादीसारखा मराठी क्रम हवा असेल तर तो स्वतः लिहून द्यावा लागतो.

सर्वांत फसवा प्रकार 'दुसऱ्या' या शब्दाचा. त्यातील ऱ हे चिन्ह युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे. परंतु तेच रूप साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही साठविता येते. डोळ्यांना दोन्ही एकच. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावे. 'दुसऱ्या सत्राची यादी' या नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात, आणि एका कळफलकाने टंकलेले नाव दुसऱ्याने ठेवलेल्या फायलीला सापडत नाही. फाईल समोर दिसते आणि प्रोग्राम म्हणतो सापडली नाही! अशा वेळी यंत्रावर चिडू नये. लायब्ररीतील युनिकोडडेटा या दालनात नॉर्मलाईझ ही आज्ञा आहे. तिला एनएफसी असे सांगितले की र आणि नुक्ता एकत्र येऊन एकच ऱ होतो. फाईल ठेवताना नाव त्यातून काढून ठेवावे. आणि शोधताना आपण टंकलेले नाव व फोल्डरमधून आलेले नाव, दोन्ही त्यातून काढून मग जुळवावीत. तऱ्हा, बऱ्हाणपूर, कातकऱ्यांची यादी, शेतकऱ्यांची यादी. ऱ असलेल्या प्रत्येक नावाला हे लागू आहे.